मारका ससा

समजा, तुम्ही ओसरीत जमिनीवर पाय पसरून बसला आहात. एक पांढरा ससा तुमच्याभोवती फेरी मारतो, पायाशी येऊन थांबतो आणि घोट्यावरची कातडी पुढच्या दातांत धरतो. चिमटा काढल्यासारखं होतं. तुम्ही हलायचं नाही. मग तो पुढच्या दोन्ही पायांनी तुमचं धोतर, लुगडं, पँट, जे अंगावर असेल ते भराभरा उकरायला लागतो. तरीही पाय ओढून घ्यायचा नाही, हात उगारायचा नाही. नुसतं बसायचं आणि हा काय म्हणतो आहे ते ओळखायचं.

ऐकायला सोपं आहे. गहिनीनाथ आबांना ते जमायला अर्धा हिवाळा गेला, आणि तेवढ्यात तो ससा हातचा जायची वेळ आली होती.

आबांची वस्ती चकलांबा गावाच्या पुढे. दसरा झाला की वस्तीवर ट्रक येतात, आणि धडधाकट माणूस तेवढा ऊसतोडीला जातो. मागे राहतात ती म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. आबांची बायको कधीच गेलेली. मुलगा उत्तरेश्वर आणि सून सत्यशीला दरवर्षी जात, पण नात संस्कृती आबांजवळ राहायची. ती शाळेत जायची, आबा भाकरी थापायचे. यंदा मात्र घरात तान्हं बाळ होतं. सत्यशीलाच्या हातात कोयता असताना बाळाला कडेवर कोण घेणार? म्हणून संस्कृतीलाही ट्रकमध्ये चढावं लागलं. चढायच्या आधी तिने आपला ससा, जो तोवर तिच्याच मागेमागे असायचा, आबांच्या हातात दिला.

"आबा, मी येस्तोवर कापशाला संभाळा. रोज खाल्लं का न्हाई बघा."

"आगं, मी बैलं संभाळलेला माणूस. सशाचं काय घिऊन बसलीस!"

यात बढाई काही नव्हती. गुडघे जाईपर्यंत आबांनी बैलगाडीने कारखान्यावर ऊस वाहिला होता. बैलाच्या कानावरून त्यांना ताप कळायचा, शेणावरून पोट कळायचं. आणि पुढच्या पायाने माती उकरणारा बैल काय करतो, हे तर त्यांच्या बरगडीलाच ठाऊक होतं. पाखऱ्या नावाच्या बैलाने आधी माती उकरली होती आणि मग शिंग घातलं होतं. ती कळ अजून थंडीत उठते.

ट्रक गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबा ओसरीत बसलेले असताना कापशा आला, घोट्याला चावला आणि धोतर उकरायला लागला. आबांनी पाय झटकला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

"मारका हाय हे," आबा स्वतःशीच म्हणाले.

मारक्या बैलाला वागवायची त्यांची एक रीत होती. त्याला कुरवाळायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आखूड दाव्याने बांधायचं आणि लांबून वैरण टाकायची. थोड्या दिवसांत त्याची रग जिरते. आबांनी सशाला हीच रीत लावली. कोंबड्या झाकायचं जुनं डालगं त्याच्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला. सकाळी खालून लसूणघास सरकवायचा, पाण्याची वाटी सरकवायची, आणि तोंड फिरवून निघून यायचं.

शेजारचे आप्पाराव मोतीबिंदूमुळे यंदा मागे राहिले होते. ते काठी टेकत आले आणि डालग्यापाशी वाकले.

"गहिन्या, सशाची कोंबडी केली का बे?"

"चावतं ते."

"मंग मुसकं घाल. वेसण टोच. पोळ्याला शिंगं रंगवू त्याची."

"तुला चावलं म्हंजी कळंल."

"मला कोन चावतंय?" आप्पाराव हसले आणि हसता हसता ओट्यावर बसले. "माज्या घरात चावायला बी कुणी राह्यलं न्हाई."

लांब कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती.

सशाची रग खरंच जिरली. आधी तो डालग्यातली जमीन उकरायचा, काड्या कुरतडायचा. मग ते थांबलं. आबांना बरं वाटलं. पण एका सकाळी आदल्या दिवशीचा घास तसाच दिसला. आबांनी खाली वाकून लेंड्या पाहिल्या. हरभऱ्यासारख्या टपोऱ्या असायच्या, त्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ससा कोपऱ्यात अंग गोळा करून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. बैलाचं असतं तर आबांनी काढा पाजला असता, चालवलं असतं. याला काय करावं ते सुचेना. पोरीने सोपवलेला एकच जीव आपल्याकडे होता आणि तोही जातोय की काय, या विचाराने त्यांना त्या दिवशी भाकरी गिळवेना.

दिवेलागणीला आप्पारावांच्या मोबाइलवर संस्कृतीचा व्हिडिओ कॉल आला. मागे कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, आणि कडेवर बाळ.

"आबा, कापशा खातो ना?"

"खातो की," आबा म्हणाले. पण आप्पारावांनी तोवर मोबाइल डालग्याकडे फिरवला होता.

"आबा! त्याला कोंडलंय कावून?"

"चावतो गं. पायाला चावतो, धोतर उकरतो. मारका हाय."

पोरगी इतक्या मोठ्याने हसली की कडेवरचं बाळ दचकलं.

"मारका? रक्त काढलं का तुमचं?"

"न्हाई. चिमटा घेतल्यावानी."

"मंग? आवो, मला बी असाच चावायचा. मी त्याला कुरवाळत आब्यास करायची, आन् हात थांबला, की..."

बाळ रडायला लागलं, मागून सत्यशीलाची हाक आली, आणि कॉल तुटला. पुन्हा लागला नाही.

आप्पाराव मोबाइल घेऊन घरी गेले, आबा तिथेच बसून राहिले. हात थांबला की. हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं होतं. पाखऱ्याचा जोडीदार पांढऱ्या अंगाचा, गरीब बैल होता. त्याची मानेखालची पोळी खाजवता खाजवता आबांचा हात थांबला, की तो ओल्या नाकाने खांद्याला ढुशी द्यायचा. जोराने द्यायचा, आबा मागे सरकायचे. पण त्याला मारका कुणी म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं बैलांत काढून आबांना फक्त शिंग आठवलं होतं, ढुशी आठवली नव्हती.

सशाला हाक मारता येत नाही. कुत्रं भुंकतं, गाय हंबरते, मांजर पायात घोटाळत म्याव म्हणते. सशाकडे दात आहेत आणि पुढचे पाय आहेत. रागाने चावला तर तो कातडी फोडतो. हे नुसतं धरून सोडणं वेगळं. सरक, बघ इकडे, थांबू नको, एवढंच त्यात असतं. माती उकरणं हा तर त्याचा जन्माचा धंदा, पण माणसाच्या मांडीवर जमीन नसते. तिथे तो उकरतो ते माणसाला उठवायला.

आबांनी दगड बाजूला केला, डालगं उचललं आणि ओसरीत पाय पसरून बसले. ससा आला नाही. मेथीची एक काडी समोर ठेवली, तरी आला नाही. आबांनी त्याच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. काय बोलावं ते कळेना, म्हणून वस्तीवरचं सांगितलं. कुणाच्या विहिरीला पाणी किती, आप्पारावाचं ऑपरेशन कधी. बोलताना त्यांच्या लक्षात आलं, इतके दिवस आपण कुणाशी एवढं बोललेलोच नव्हतो.

पुष्कळ वेळाने धोतराला ओढ बसली. एकदा, मग भराभर. आबांनी पाय हलवला नाही. हात सावकाश पुढे नेला आणि सशाच्या कपाळावरून मागे फिरवला. त्याने मान जमिनीला टेकवली. दातांवर दात हलके घासल्याचा, सुखाचा बारीक आवाज यायला लागला. आबांनी मुद्दाम हात थांबवला. क्षणभर काही नाही, मग घोट्याला चिमटा.

आबा हसले. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. ओसरी रिकामी होती.

तेव्हा कुठे सशाने मेथीची काडी ओढली.

त्या दिवसानंतर डालगं फक्त रात्री, मांजराच्या भीतीने. अंगणात निंबाखाली आबांनी एक कोपरा त्याला उकरायला दिला, माती भुसभुशीत करून. आप्पाराव येतात, चेष्टा करतात, "आज कितींदा चावला रं तुजा बैल?" म्हणतात, आणि हळूच आपलाही पाय पुढे करून ठेवतात. ससा त्यांच्याकडे जात नाही.

दिवस आता उन्हाळ्याकडे कलले आहेत. कारखान्याचा हंगाम संपला की ट्रक परत येतील. संस्कृती प्रत्येक कॉलला कापशाला बघते, त्याच्या नावाने हाका मारते. आवाज आला की कापशा कान उभे करतो, मोबाइलकडे नाही, दाराकडे वळतो. मग परत येऊन आबांच्या पायाशी बसतो, आणि आबांनी हात थांबवला की चावतो.

आबा तिची वाट बघतात, रोज बघतात. पण एक गोष्ट त्यांनी अजून तिला विचारलेली नाही, आप्पारावाला तर नाहीच. हा मला ओळखून चावतो, की तिच्या जागी बसलोय म्हणून? ती आली, आणि आम्ही दोघं ओसरीत शेजारी शेजारी पाय पसरून बसलो, तर हा आधी कुणाला चावंल?