भांड्यामागचा माणूस

१९८४ साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा, गिरणी बंद पडून घरी बसलेला, आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत एक असा माणूस राहायला आला जो 'समजा' म्हटल्याशिवाय तोंडच उघडत नसे. समजा बस चुकली, समजा दूध नासलं. मी म्हटलं, "मास्तर, दूध नासलंय. समजायचं काय त्यात? वास घ्या." तर म्हणतो, "तात्या, मी उद्याच्या दुधाबद्दल बोलतोय." त्या दिवसापासून तो समजा-मास्तर. खरं नाव भाड्याच्या पावतीवर असेल, कोणी बघितलंय!

कुठल्याशा कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवायचा आणि वर पीएचडी करत होता. विषय काय? रांग. हसू नका, खरंच रांग. माणसं रांगेत किती वेळ थांबतात याचं म्हणे गणिती मॉडेल बनवायचं, मग त्यावरून सरकारनं ठरवायचं की खिडक्या किती ठेवायच्या, नळ किती द्यायचे. मी चौथी शिकलेला माणूस. पण रांगेत उभं राहायला अक्कल लागत नाही, पाय लागतात, एवढं मला कळतं. असल्या कामाबद्दल माणसाला डॉक्टर म्हणायचं, आणि त्या डॉक्टरला साधं खोकल्याचं औषध देता येणार नाही!

आकड्यांचा माणूस आलाय म्हटल्यावर चाळीतल्या मटकेवाल्यांना उकळ्या फुटल्या. आमच्या शेजारचा शिवा एका संध्याकाळी चहा घेऊन त्याच्याकडे गेला. "मास्तर, आजचा ओपनचा आकडा सांगा ना यार." मास्तरनं कागद काढला आणि समजावत बसला, की प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, कालच्या आकड्याचा आजच्याशी संबंध नाही, वगैरे वगैरे. शिवा बाहेर आला तेव्हा चहा थंड झाला होता. मला म्हणाला, "तात्या, या माणसाला काहीच ठाऊक नाही. आणि ते सिद्ध करायला त्यानं चार कागद भरले."

स्वयंपाकाची तीच तऱ्हा. स्टोव्हवर भात ठेवायचा, आणि भात शिजेपर्यंत समीकरण सोडवायचं. समीकरण कधी सुटलं ते माहीत नाही, भात मात्र रोज लागायचा. गॅलरीभर करपल्याचा वास सुटला की माझी बायको ताट वाढून त्याच्याकडे पाठवायची. तो ताट घेऊन दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "वहिनी, समजा तुम्ही नसता, तर—" पुढचं वाक्य त्याला कधी पुरं करता आलं नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाला!

आता आमच्या नळाचं सांगतो. अख्ख्या चाळीला नळ एक, आणि पाणी यायचं भल्या पहाटे. म्हणून रात्री जेवणं झाली की ज्यानं त्यानं आपलं भांडं नळापुढे रांगेत लावून यायचं. हंडा, कळशी, डालड्याचा डबा, काहीही. भांडं लावलं की नंबर लागला. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती, कारण त्या रांगेचा मुकादम मी होतो. मला कोणी निवडून दिलं नव्हतं. गिरणीत मुकादमी केली होती, ती गेली, म्हणून नळावर करत होतो. माझा तांब्याचा हंडा कायम पहिला.

मास्तर तेवढा भांडं लावून घरी जात नसे. पहाटे अंधारात लाल प्लास्टिकची बादली घेऊन स्वतः रांगेत उभा राहायचा. आजूबाजूला नुसती भांडी आणि मध्ये हा चष्मेवाला, जणू हंड्यांच्या लग्नाला आलेला एकटाच पाहुणा. "अहो, बादली ठेवा आणि झोपा ना," मी रात्री भांडं लावताना म्हणायचो. तो म्हणायचा, "तात्या, रांग आतून बघावी लागते."

दुसऱ्या नळासाठी मी वॉर्ड ऑफिसात वर्षानुवर्षं खेटे घालत होतो. मला लांबून बघितलं की तिथला क्लार्क चहाला निघायचा. मास्तर एक दिवस म्हणाला, "तात्या, नुसत्या अर्जानं होणार नाही. मी मॉडेल करून देतो." माझं डोकं फिरलं. मी चपला झिजवल्या, आणि हा कागदावर रेघोट्या ओढून नळ आणणार!

"मोजणार काय तुम्ही?" मी विचारलं.

"समजा, प्रत्येक भांड्यामागे एक माणूस उभा आहे."

"कुठे उभा आहे? सगळे घरात आहेत!"

"तसं धरून चालावं लागतं."

"धरून चाला, नाहीतर सोडून चाला. पाणी त्यानं येत नसतं."

पण मास्तरचा कागद वॉर्ड ऑफिसात गेला, आणि आश्चर्य म्हणजे एका पहाटे पाणीखात्याचा इंजिनिअर खरंच टेकडी चढून आला. दम लागलेला, त्यामुळे आधीच वैतागलेला. त्यानं टॉर्च मारला. भांड्यांची लांबलचक रांग, आणि माणूस एकच, तोही मास्तर.

"या कागदाप्रमाणे इथे माणसं ताटकळत असतात," तो म्हणाला. "कुठायत माणसं? का हो प्रोफेसर, हंड्यांचे पाय दुखतात का?"

गॅलरीतून सगळे हसले. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

मास्तरनं आवाज चढवला नाही. "साहेब, हंडा बाहेर आहे, पण त्या हंड्याची बाई आत नळाकडे कान लावून बसलीय. झोपत नाही, आंघोळीला जात नाही, चपात्या लाटायला घेत नाही. नळानं आवाज केला की तिला धावायचंय. ही वाट बघणं नाही तर काय? मी तिलाच रांगेत धरलंय."

"मला डोळ्यांना दिसतं तेवढंच मी लिहितो," इंजिनिअर म्हणाला. "उद्या पलीकडच्या चाळीत येणार आहे, तेव्हा जाता जाता डोकावतो. माणसं दिसली तर ठीक, नाहीतर फाईल बंद."

दुपारी जेवताना मी मास्तरची नक्कल करत होतो. बायको म्हणाली, "मास्तरान खोटा काय सांगितल्यान? इतकी वर्सा मी कान लावन जागी रवतंय. तुमका कसा दिसतला? तुम्ही घोरत असतास."

नक्कल अर्धी सोडून मी भात कालवायला घेतला.

संध्याकाळी मास्तरकडे गेलो. म्हटलं, "उद्या सगळ्यांना आपापल्या भांड्यामागे उभं करतो. बघू दे त्या टॉर्चवाल्याला."

तर हा शहाणा म्हणतो, "नको तात्या. मुद्दाम उभं केलं तर ते निरीक्षण राहत नाही, नाटक होतं. त्यानं विचारलं तर मला तसं सांगावं लागेल."

ऐकलंत? घसा कोरडा पडला तरी चालेल, पण निरीक्षण ओलं होता कामा नये! मी म्हटलं, "मास्तर, बाई आत बसून वाट बघते, ती तुमच्या गणितात रांगेत आहे की नाही?"

"आहे."

"तीच बाई बाहेर येऊन उभी राहिली, तर तुमचा आकडा बदलतो?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही बदलत."

"मग झोपा."

दुसरा नळ आला. त्यावर नगरसेवकाच्या नावाची पाटीसुद्धा आली, जो आमची टेकडी निवडणुकीशिवाय कधी चढला नव्हता. मास्तरचं नाव कुठेच नाही; त्याला त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं. पुढे तो डॉक्टर झाला आणि बोरिवलीला मोठी जागा घेऊन गेला. टेम्पोत बसताना म्हणाला, "तात्या, समजा आपली परत भेट झाली नाही—" मी म्हटलं, "समजू नका. रविवारी जेवायला या." आला नाही. बोरिवलीला गेलेली माणसं कुठे परत येतात! मध्ये कोणीतरी सांगितलं की तो गेला. शेवटपर्यंत म्हणे वर्गात पोरांना आमच्या नळाचं उदाहरण द्यायचा. एवढं आयुष्य हातात, आणि उदाहरण द्यायला आमचा नळ!

असल्या गणितावर माझा आजही विश्वास नाही. पण मास्तरला 'झोपा' म्हणून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगून थांबतो. पहाटे बायको नेहमीप्रमाणे उठायला लागली. तिला म्हटलं, "तू पड." बाहेर आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हंड्यामागे उभा राहिलो. गारठा होता, पाय दुखत होते, नळ नुसता सुसकारत होता. मागून लाल बादलीवाल्याचा आवाज आला, "तात्या, तुम्ही? वहिनी कुठायत?"

"समजा, झोपलीय," मी म्हटलं.

गॅलरीतलं एक दार उघडलं. मग दुसरं.