मोठीबाईंच्या सलाया

डोक्यावर शिदोरीचं टोपलं, दोन्ही हात मोकळे, आणि त्या मोकळ्या हातांत विणकामाच्या दोन सलाया. दोन्ही बाजूंना गुडघाभर धान उभं आणि मधल्या धुऱ्याच्या चिंचोळ्या बांधावरून आमच्या मोठीबाई अशा विणत विणत चालायच्या. लोकरीचा गुंडा कमरेला खोचलेल्या पिशवीत गरगरत असायचा. टोपलं हलायचं नाही, पाय घसरायचा नाही आणि टाका सुटायचा नाही. लग्न होऊन मी दिघोरीला आले त्या पावसाळ्यात, त्यांच्या मागून रिकाम्या हातांनी चालताना मी सरळ धानाच्या बांधीतल्या चिखलात जाऊन बसले. त्यांनी वळून पाहिलं, खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "पाय पाहून टाक ना वो लहानी!" हे म्हणतानाही हात थांबले नव्हते.

मोठीबाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी धाकटी, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव 'लहानी'. त्यांचं माहेर सानगडीचं. तिथल्या दवाखान्यात बदलून आलेल्या एका नर्सबाईंच्या शेजारी त्यांचं लहानपण गेलं आणि विणकाम त्या तिथेच शिकल्या. शाळा चौथीतच सुटली. सलाया मात्र हातातून कधी सुटल्या नाहीत. आमचं घर शेतीचं. शेण, पाणी, रोवणी, निंदण, सगळ्यांत त्या पुढे. या कामांच्या फटीफटीतून त्या विणायच्या, शिवायच्या. हिवाळ्याची तयारी भर पावसाळ्यात सुरू व्हायची. कोणी म्हणालं, "मोठीबाई, एवढा हात हाय तर दुकान टाका ना," तर त्या मान हलवायच्या. "धंदा नोहे बाप्पा, शौक हाय माझा."

नवी लोकर आमच्याकडे क्वचितच यायची. मोठीबाई जुनी, फाटकी स्वेटरं जमवायच्या. ती उसवून, रिठ्याच्या पाण्यात धुऊन, लडीला खाली दगड बांधून आडव्या बांबूवर वाळत टाकायच्या. दोन दिवसांनी वाकडीतिकडी लोकर सरळ, मऊ होऊन यायची. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांतून त्या झबली शिवायच्या, दुपटी शिवायच्या. त्या चिंध्या इतक्या विचार करून जोडलेल्या असायच्या, की नवं कापड आणून मुद्दाम कापलं असावं असं वाटे. मी भंडाऱ्याच्या शाळेत शिवणकामाचा तास केलेली मुलगी. पण त्यांचं झबलं मी हातात घेई आणि उलटं कोणतं, सुलटं कोणतं हेच मला कळत नसे.

आणि त्यांनी कधी कोणाचं माप घेतलं नाही. एकदा बाजाराच्या दिवशी भाजी घेताना समोर एक बाई उभी होती, कडेवर नाक वाहणारं पोर. मोठीबाईंनी वांगी निवडता निवडता त्या पोराकडे एक नजर टाकली. पुढच्या बाजाराला त्या बाईला शोधून काढून तिच्या हातात निळं स्वेटर ठेवलं. बाई गोंधळली. "मी तं तुमाले ओळखत बी नाई."

"पोराले ओळखते ना मी," मोठीबाई म्हणाल्या. "घालून दाखव पहिले. घातल्याबिगर देल्लं म्हनता येत नाई."

भर बाजारात त्या पोराच्या अंगात स्वेटर गेलं आणि जणू त्याच्या अंगावरच विणल्यासारखं बसलं. मोठीबाईंनी मागून पुढून पाहिलं, समाधानानं मान डोलावली आणि पुन्हा वांग्यांकडे वळल्या.

गावात कोणाकडे पाळणा हलला, की तिथे मोठीबाईंचं टोपरं पोचायचं. जात नाही, पात नाही, आपला-परका नाही. स्वतःच्या घरी मात्र पाळणा नव्हता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, मीही कधी विचारलं नाही. एवढंच पाहिलं होतं, की दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर टोपरं चढवून झालं, की त्याच्या हनुवटीखालची गाठ बांधायला त्यांना जरा जास्त वेळ लागायचा.

मग तो हिवाळा आला. आमच्या मागल्या आळीतलं एक चार महिन्यांचं बाळ तापानं गेलं. गेलं तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठीबाईंचं टोपरं होतं. विहिरीवर कोणीतरी म्हणालं, "वांझेच्या हातचं लेकराले घालू नये, बाप्पा." एवढं एक वाक्य पुरलं. दुसऱ्या दिवसापासून टोपरी परत येऊ लागली. कोणी सांगून आणून दिली, कोणी न बोलता ओट्यावर ठेवून गेली, एकीनं तर आमच्या कुंपणावरून आत टाकली.

मला तेव्हा सहावा महिना चालू होता. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. आम्ही दोघी सुना समोर असतानाच त्या म्हणाल्या, "मोठे, पुरं कर आता हे. आपल्या घरी लेकरू येनार हाय. त्याले तुह्या हातचं काही नोको."

मोठीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "बरं, मामीजी."

मला वाटलं, आता या सलाया फेकून देतील. मी असते तर दिल्या असत्या. मोठीबाईंनी परत आलेली सगळी टोपरी धुतली, उन्हात वाळवली आणि अंगणात बसून एकेक उसवायला घेतली. कोणतं टोपरं कोणाच्या घरचं, हे त्यांना पाठ होतं. त्या ते नाव हळू आवाजात घ्यायच्या आणि धागा ओढायच्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मोठीबाई, तुम्हाला राग नाही का येत?"

"येते ना. काहून नाई येनार?" त्या म्हणाल्या. "पन रागात विनलं का टाके घट्ट बसतात. मंग ते घालनाऱ्याले काचतात."

"आता कोण घालणार आहे?"

त्यांनी गुंडा वर उचलून पाहिला. "लेकरांले नजर लागते म्हनतात. म्हाताऱ्यांले कोनाची लागनार, लहानी?"

आणि खरंच, त्या वर्षी त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांसाठी विणायला घेतलं. कानटोप्या, पायमोजे, गुडघ्यांना घालायच्या पट्ट्या. मारुतीच्या पारावर सकाळी ऊन खात बसलेली म्हातारी माणसं एकाएकी लाल, पिवळी, हिरवी दिसू लागली. एक आजोबा तर लेकराच्या टोपऱ्याचा गुलाबी रंग डोक्यावर मिरवत साऱ्या गावातून हिंडले. ज्या घरांनी टोपरी परत केली होती, त्याच घरांतली ही म्हातारी माणसं. मोठीबाईंनी एकही घर वगळलं नाही.

पौषात, दिवस पुरे व्हायच्या दीड महिना आधी, मी बाळंत झाले. सकाळची वेळ होती. मुलगी झाली, पण इतकी लहान की सुईणीच्या तळहातावर मावली. रडणंसुद्धा मांजरीच्या पिलासारखं. सुईण तिला चोळत होती, फडक्यात गुंडाळत होती. फडकं मोठं आणि पोर लहान, कुठून ना कुठून वारा आत शिरतच होता. "लेकरू थंडं पडून राहिलं, मायजी," ती सासूबाईंना म्हणाली. साकोलीच्या दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडी आणि मग मोटारीची वाट पाहणं; एवढ्या थंडीत ती तिथवर पोचेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

मोठीबाईंना खोलीत येऊ दिलं नव्हतं. त्या अंगणात होत्या. मी खाटेवर पडल्या पडल्या दाराच्या फटीतून त्यांना पाहत होते. सासूबाई बाहेर गेल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मोठे, मी जे बोलली ना तुले..."

"बोलनं मंग करू, मामीजी," मोठीबाई उठत म्हणाल्या. "पोरगी थंडीत हाय. केवढी हाय, ते सांगा."

सासूबाईंनी आपला तळहात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर दाखवलं. मोठीबाईंनी तो तळहात क्षणभर आपल्या हातात धरला आणि लगेच कामाला लागल्या.

घरात सगळ्यात मऊ लोकर होती ती माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे त्यांच्याच यजमानांच्या, गळ्यातल्या मफलरात. तो मफलर मोठीबाईंनीच मोठ्या हौसेनं विणला होता. भासऱ्यांनी काही न विचारता तो काढून दिला आणि उघड्या गळ्यानं समोर बसून सुटणारी लोकर गुंडाळत राहिले. नेहमीच्या सलाया एवढ्याशा डोक्यासाठी जाड होत्या. मोठीबाईंनी सायकलच्या चाकाचे दोन आरे दगडावर घासून गुळगुळीत करून घेतले आणि त्यांवर टाके घातले. त्यांची बोटं मी तशी चालताना आधीही पाहिली नव्हती, नंतरही नाही. ऊन अंगणाच्या मध्यावर यायच्या आत टोपरं झालं. मग स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याचा पदर फाडून त्यांनी पिशवी शिवली आणि तिच्या दोन थरांमध्ये सावरीचा कापूस भरला. पोरगी त्या पिशवीत गळ्यापर्यंत गेली. टोपरं तिच्या कानांवर असं बसलं, की सुईण म्हणाली, "पोटात असतानाच माप घेतलं होतं का वो तुमी?"

त्या दिवसापासून माघ सरेपर्यंत मोठीबाई आणि मी पाळीपाळीनं तिला छातीशी धरून बसलो. माझी पाळी संपली तरी मला झोप यायची नाही. मोठीबाईंच्या कुशीतली ती पिशवी वरखाली होते आहे ना, एवढंच मी पाहत राहायचे. एके दुपारी पोरीनं पहिल्यांदा जोरात, चांगलं घर डोक्यावर घेऊन रडून दाखवलं. मोठीबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, मोठीबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेल्या. बारशाच्या दिवशी त्यांनी साऱ्या बायकांसमक्ष पोर आधी मोठीबाईंच्या मांडीवर दिली आणि नाव त्यांनाच ठेवायला लावलं. त्यांनी सुनंदा नाव ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात मागल्या आळीतली तीच माय, जिचं बाळ गेलं होतं, पुन्हा बाळंत झाली आणि बाळाला घेऊन स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसली. मोठीबाईंनी तिला चहा दिला, तिच्या बाळाकडे एकदा पाहिलं आणि लोकरीचं गाठोडं तिच्यापुढे उघडून विचारलं, "कोनता रंग पायजे?"

माझे यजमान शाळामास्तर. काही वर्षांनी त्यांची मोहाडीच्या शाळेत बदली झाली आणि आम्ही दिघोरी सोडली. निघताना मोठीबाईंनी सुनंदाला फ्रॉक दिला, आणि माझ्या हातात लोकर आणि सलायांची एक जोडी ठेवली. "घरात एकटी करशील काय? विनत जाय."

मी विणायला बसले ते त्यांच्यासाठीच. वर्षभर उसवलं, पुन्हा घातलं. माझ्या हाताला त्यांची सफाई नव्हती. तरी एक तपकिरी स्वेटर कसंबसं पुरं झालं आणि संक्रांतीला ते घेऊन आम्ही दिघोरीला गेलो. ती आमची शेवटची भेट ठरली. त्याच उन्हाळ्यात त्या काविळीनं गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पण त्या संक्रांतीला त्या अंगणात उन्हात बसल्या होत्या. मी स्वेटर पुढे केलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं. एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब झाली होती, ते माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. मी शरमून म्हटलं, "द्या इकडे, मोठीबाई. रात्रीतून उसवून नीट करून देते."

त्यांनी दिलं नाही. लुगड्यावरून ते अंगात घातलं, लांब बाही मनगटापाशी दुमडली आणि दोन्ही हातांनी स्वतःचेच खांदे धरून बसल्या.

"राहू दे, लहानी," त्या म्हणाल्या. "आतापरेंत मी कोनाच्या हातचं घातलंच नोहोतं. लोक एवढे खूश काहून होत होते, ते मले आज समजलं."