एका कानाच्या शेळ्या

वायसन मक्विंजा माझ्या बेकरीत पाव घ्यायला येतो तेव्हा पैसे देण्याआधी पाव तळहातावर धरून तोलतो. मी समोरच उभी असते, पण त्याला त्याचं काही वाटत नाही. या झोम्बा शहरात इतकी वर्षं पाव विकतेय, कधी कुणाला हलका पाव दिला नाही, आणि हा माणूस रोज सकाळी माझ्या तोंडावर माझी परीक्षा घेतो. सुरुवातीला मी एकदा भडकले. तर म्हणाला, "माय नांग्वाले, तुमच्यावर नाही माझा संशय. पावावर आहे." यावर माणूस काय बोलणार.

त्याचा जन्म गेला बस कंपनीत तिकिटं तपासण्यात. थांब्यावर उभा राहणारा तपासनीस तो नव्हे. दोन थांब्यांच्या मधे, आंब्याच्या झाडाआड दबा धरून बसायचा आणि बस चढावर मंदावली की हात दाखवायचा. कंडक्टर त्याच्या नावाने बोटं मोडायचे. घरीही तीच तऱ्हा. त्याची बायको सांगते की लग्न ठरताना याने तिच्या मामाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, दाखवलेली मुलगी हीच ना, ऐनवेळी दुसरी तर पुढे करणार नाही ना. ती हे हसत सांगते, पण मला वाटतं ते तिला अजून लागलेलं आहे.

आमचा सेवा क्लब म्हणजे दर मंगळवारी दुपारी हॉटेलच्या व्हरांड्यात जमणारे दुकानदार, मास्तर, एक दंतवैद्य आणि लाकडाच्या वखारीचे मालक बांबो कालिलोंबे, आमचे अध्यक्ष (बांबो म्हणजे आमच्याकडे साहेब). आम्ही क्लबचं गाणं म्हणतो, कोंबडी आणि मक्याच्या पिठाची न्सिमा खातो, उशिरा येणाऱ्याला गमतीचा दंड करतो. वायसन त्या गमतीच्या दंडाचीही पावती मागतो. स्कॉटलंडमधल्या एका क्लबने शेळ्यांसाठी अनुदान दिलं तेव्हा देखरेखीसाठी सगळ्यांनी एका सुरात त्याचंच नाव घेतलं. खरं कारण हे की उन्हातान्हात गावोगाव हिंडायचं ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. चिटणीस म्हणून माझी पिकअप आणि मी, दोघी त्याच्या दिमतीला लागलो.

योजना साधी होती. म्तुंगुली गावातल्या वीस बायकांना एकेक शेळी, बाईच्या नावावर. शेळीला पहिलं मादी करडू झालं की ते यादीतल्या पुढच्या, अजून शेळी न मिळालेल्या बाईला द्यायचं. प्रत्येक शेळीच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला. शेळ्या जगल्या तर स्कॉटलंडहून दुसरा हप्ता येणार आणि शेजारच्या गावालाही शेळ्या मिळणार. फार मेल्या तर योजना तिथेच बंद. त्यात वायसनने आपले दोन नियम घातले. शेळी मेली तर बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा. आणि त्याचा प्रत्येक अहवाल आधी गावात झाडाखाली सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, मगच स्कॉटलंडला पाठवायचा. कुणाआड काही लिहिलं जातंय, ही कल्पनाच त्याला सहन होत नसे.

एका मंगळवारी जेवणं चालू असताना त्याने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि सात कान टेबलावर ओळीने मांडले. दंतवैद्याने ताट बाजूला सारलं. कालिलोंबे म्हणाले की रोगाची साथ आली असेल, स्कॉटलंडला तसं कळवून टाकू.

"बांबो, गावात शेळी मेली की काय होतं?" वायसनने विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःच सांगितलं.

"रस्सा होतो. कशाने का मेली असेना, रस्सा होतोच. इथे सात शेळ्या मेल्या आणि म्तुंगुलीत एका घरातूनही मटणाचा वास आला नाही. मी बायकांना विचारलं, पुरुषांना विचारलं, शेवटी पोरांना विचारलं. पोरं खोटं बोलतात, पण मटणाबाबत नाही."

म्हणजे कान इथे होते आणि शेळ्या दुसरीकडे कुठेतरी चरत होत्या. त्याने एका कानाच्या शेळ्या शोधायला सुरुवात केली. मी त्याला बाजारोबाजार फिरवलं. दिसेल त्या शेळीचं तोंड धरून तो कान बघायचा. खाटीक त्याला हसायचे, मटण हवंय की नुसते कान म्हणून विचारायचे. तो मात्र कुणालाही सोडत नव्हता. गावाची प्रमुख म्हातारी सामील असेल, बिल्ले विकणारा सामील असेल, कालिलोंबेंना साथीची एवढी घाई का झाली असेल. एकदा परतीच्या वाटेवर म्हणाला, "शेळ्या न्यायच्या तर गाडी लागते. पिकअप तुमच्याकडे आहे." मी करकचून ब्रेक दाबला आणि त्याला उतर म्हटलं. तो उतरला, दरवाजा नीट लावला आणि चालायला लागला. मला इतका राग आला होता की मी खरंच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाव तोलायला हजर होता.

शेळ्यांचा माग लागला तो त्याच्या जुन्या सवयीमुळे. म्तुंगुलीच्या बायका लाकडं आणायला डोंगरावर जातात, तशा सगळ्याच गावांतल्या जातात. मी त्यांना हजारदा पाहिलं असेल. वायसन गावाबाहेर एका दगडाआड बसून राहिला आणि त्याला दिसलं की या बायका वर जातानाच डोक्यावर ओझं घेऊन जातात. लाकडं आणायला जाणारी बाई वर रिकामी जाते आणि खाली भरलेली येते. यांच्या डोक्यावर वर जाताना मक्याच्या कोंड्याच्या पिशव्या होत्या. तो मला म्हणाला, "कोंडा जंगलात कोण खातं?"

आम्ही अंतर ठेवून त्यातल्या एकीच्या मागे गेलो. चढ असा होता की माझा जीव मेटाकुटीला आला. वर पाईनच्या झाडांत फांद्यांचं कुंपण केलेलं एक आवार होतं आणि आत सात शेळ्या, प्रत्येकीला एकच कान, अंगाने भरलेल्या. पायात करडं बागडत होती. कोंड्याची पिशवी रिकामी करणारी बाई वळली. ती एनेलेसी, यादीतली पहिली. तिनेच पहिला कान आणून दिला होता आणि देताना रडलीही होती.

"मेलेल्या शेळ्यांची तब्येत चांगली आहे," वायसन म्हणाला.

मला वाटलं ती पळेल किंवा पाया पडेल. तिने पिशवीची नीट घडी घातली.

"इथं वर जिवंत आहेत, बांबो. खाली मेल्यात. खाली जिवंत केल्यात तर महिनाभरात जोनीच्या बसमध्ये बसतील."

मग तिने सगळं सांगितलं. गावात एक दलाल आला होता, पुरुषांना जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला, कामाला नेतो म्हणणारा. त्याचे पैसे भरायला तिचा नवरा लायटन याने आधी सायकल विकली, मग तिचा मक्याचा साठा. नंतर त्याची नजर शेळीकडे गेली. शेळी क्लबने फुकट दिलेली, तुझ्या मामाच्या घरून आलेली नाही, मग विकायला तुला कशाला विचारायचं, हे त्याचं म्हणणं. सातही घरांत हेच चाललं होतं. मेलेली शेळी कुणी विकायला मागत नाही. म्हणून सातजणींनी मिळून ठरवलं, जीव घट्ट करून कान कापले, आणि शेळ्या रात्रीत वर आणल्या. नवऱ्यांना सांगितलं, रोगाची होती, पुरून टाकली.

"तुमचे नियम मी सगळे ऐकलेत," ती म्हणाली. "शेळी चोरापासून वाचवायचा नियम आहे, रोगापासून वाचवायचा आहे. नवऱ्यापासून वाचवायचा कुठला आहे ते सांगा."

वायसन शेळ्या पुन्हा मोजायला लागला. त्याचे नियम कमी पडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

उतरताना मी त्याला म्हटलं की सोडून द्या, मेल्या असं लिहा. तो एकदम थांबला. मेल्या लिहिलं तर दुसरा हप्ता येणार नाही, शेजारच्या गावातल्या बायका हात चोळत बसतील, आणि शिवाय ते खोटं आहे. जिवंत लिहिलं तर झाडाखाली मोठ्याने वाचावं लागेल आणि समोर लायटन बसलेला असेल.

पुढच्या वाचनाच्या दिवशी झाडाखाली सगळा गाव होता. वायसनने एनेलेसीसह सातजणींची नावं घेतली आणि स्पष्ट वाचलं की यांनी क्लबची फसवणूक केली, शेळ्या जिवंत आहेत. लायटन उठून उभा राहिला. वायसन त्याच्याकडे न बघता पुढे वाचत गेला. या बायकांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आजपासून सातही शेळ्या त्यांच्या नावावरून काढून क्लबच्या नावावर केल्या आहेत. त्या याच बायकांकडे राहतील, पण नुसत्या सांभाळायला. क्लबची शेळी जो विकेल त्याच्यावर पोलिसांत तक्रार होईल. तो स्वतः येत राहील, न सांगता. लायटन खाली बसला. सात मादी करडं तिथल्या तिथे यादीतल्या पुढच्या बायकांना मिळाली. लोक उठले तेव्हा गावातली एक आजी वायसनच्या वाटेत थुंकली.

मी मात्र मनातून त्याला दाद देत होते. पिकअप सुरू केली तर एनेलेसी खिडकीशी आली. मोठ्या माणसासमोर बायका गुडघा टेकतात, तिने टेकला नाही.

"गावासमोर खोटारडी म्हणालात ते म्हणालात," ती म्हणाली. "नवऱ्याच्या हातून सोडवलीत आणि क्लबच्या हातात दिलीत. माझ्या हातात कधी येणार?"

रस्त्याला लागल्यावर वायसन पुटपुटला, "बरोबर विचारलं तिनं."

स्कॉटलंडचे लोक खूश झाले. हरवलेल्या शेळ्या सापडल्या म्हणून कौतुकाचं पत्र आलं, पाठोपाठ दुसरा हप्ता आला. लायटन भावाकडून पैसे घेऊन एकदाचा जोनीला गेला. वायसन दर मंगळवारी उभा राहून विचारू लागला की त्या सात शेळ्या परत बायकांच्या नावावर कधी करायच्या. कालिलोंबे दर मंगळवारी म्हणायचे, पुढच्या सभेत. क्लबच्या नावावर सात शेळ्या, हे त्यांना आवडायला लागलं होतं. आणि एका मंगळवारी त्यांनी हसत हसत सुचवलं की त्यांच्या मेहुण्याची तळ्याकाठी कुंपण घातलेली जागा रिकामीच पडली आहे, सगळ्या शेळ्या तिथे आणू, क्लबचा फार्म काढू, दर्शनी फलक लावू. टाळ्याही पडल्या. वायसनने टाळी वाजवली नाही. त्याचा चेहरा मी पाहिला. घाटात बसची वाट बघताना तो असाच दिसत असणार.

दुसऱ्या सकाळी पाव न तोलताच तो म्हणाला की म्तुंगुलीला जायचंय. गावच्या प्रमुख म्हातारीसमोर, पंचांसमोर त्याने सातही शेळ्या नाव घेऊन घेऊन सातजणींना परत दिल्या. बाईच्या शब्दाशिवाय तिच्या शेळीला जो हात लावेल तो माझ्या पंचायतीपुढे उभा राहील, असं म्हातारीकडून सगळ्यांदेखत वदवून घेतलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की क्लबचा ठराव कुठे आहे. तो म्हणाला, नाही. एनेलेसीने शेळीची दोरी हातात घेतली. ती आनंदली असेल, पण दाखवलं नाही. कालिलोंबे मागायला आले तर काय सांगायचं, तेवढं मात्र तिने त्याच्याकडून नीट समजून घेतलं.

मंगळवारी कोंबडी वाढायच्या आधी वायसन उभा राहिला आणि त्याने एक तक्रार वाचली. क्लबच्या मालकीच्या सात शेळ्या क्लबला न विचारता वाटून टाकल्याबद्दल, वायसन मक्विंजा याच्याविरुद्ध, तक्रार करणारा वायसन मक्विंजा. शेवटी मेहुण्याच्या जागेबद्दलही दोन वाक्यं होती. प्रत सकाळीच स्कॉटलंडला गेली होती. कालिलोंबेंच्या तोंडचं पाणी पळालं. फार्मचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही आणि शेळ्या परत आणा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. पण नियम तो नियम. देखरेखीवरून त्याला काढायचं की नाही यावर मत घ्यावं लागलं. काढायच्या बाजूने सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला, आणि तो खाली घेताना मला स्वतःची लाज वाटली.

बाहेर मी त्याला गाठलं आणि माफी मागितली.

"माफी कशाला?" तो म्हणाला. "ठरावाशिवाय क्लबची शेळी वाटणाऱ्या माणसाला तुम्ही ठेवून घेतलं असतं ना, तर मला तुम्हा सगळ्यांवरच संशय आला असता."

मग त्याने विचारलं की त्याच्या जागी कोण. मी म्हटलं, मलाच नेमलंय. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं, आणि म्हणाला की यापुढे म्तुंगुलीला तो मिनीबसने जाईल, न सांगता.