खुर्जीत मावणारे तीन पाय

कोणाच्याही घरी गेली की भिंतीवरच्या तिरक्या तसबिरी सरळ करते. विचारत नाही.

बोलणाऱ्याकडे एक डोळा मिटून बघते. नवीन माणूस बिचकतो.

कॅमेऱ्याचं भिंग पुसायला डोक्यावरच्या रुमालाचं डावं टोक. त्याला दुसरं काही लागलेलं चालत नाही. नाक पुसायला उजवं.

मेंढ्यांना 'तुम्ही' म्हणते, माणसांना 'तू'.

हसण्याआधी श्वास रोखते. हसलं की हात हलतो, हात हलला की चित्र हलतं. कॅमेरा जवळ नसला तरी रोखतेच.

कानिशायएजे किर्गिझस्तानातल्या नारिनमध्ये लग्नांचं चित्रण करते. करत होती. हे क्रियापद बदलायची मला अजून सवय झालेली नाही.

एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्या भागात तिला सगळेच एजे म्हणतात, तिच्याहून मोठी माणसं थट्टेने. मी बिश्केकला साहित्य शिकून परत आले आणि वधूवरांच्या चित्रफितीवर शुभेच्छांच्या दोन ओळी लिहायचं काम मला तिने दिलं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "नूरझात, चंद्र आणि हंस सोडून काहीतरी लिही. या मुलीचा नवरा ट्रक चालवतो."

लग्नं तिने खूप केली. त्याच हॉलमध्ये, त्याच नाचावर. तिला डोंगर हवे होते. कळपांबरोबर फिरणं, लोक जसे राहतात तसे टिपणं. हे ती कोणाला सांगायची नाही. मला ठाऊक होतं, कारण रिकाम्या वेळी ती जुन्या लग्नांमधून खिडकीबाहेरचे तुकडे काढून बघत बसायची.

उन्हाळ्यात बिश्केकहून फोन आला. माहितीपट करणाऱ्या एका गटाला कळपांच्या स्थलांतरावर वर्षभर काम करायचं होतं. जिथे गाडी जात नाही तिथे. फोनवरची बाई सरळ बोलली. "ऑगस्टअखेर कळप कोक-बेल खिंडीतून उतरतात ना? तो उतार एका सलग चित्रात हवा. मध्ये तोडायचं नाही. आणि हलता कामा नये. जमलं तर वर्षभर आमच्याबरोबर. नाही जमलं तर राग मानू नका."

कळप खिंड उतरतात ते वर्षातून एकदाच. दुसरी संधी नव्हती.

एजेकडे ट्रायपॉड होता. लोखंडी. दिराने एका पायाला वेल्डिंग करून दिलेलं. हॉलमध्ये तो खांबासारखा उभा राहायचा. त्याला धरून लोक बूट घालायचे. तो घोडीच्या पाठीवर बांधून पाहिला. घोडीने मान वळवून पाहिलं आणि जागची हलली नाही.

"बरोबर आहे तुमचं," एजे घोडीला म्हणाली. घोडीलाही 'तुम्ही'.

मग आम्ही नवा ट्रायपॉड घ्यायला बिश्केकला गेलो. एजेने बरोबर खुर्जी घेतली, घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबते ती जोडपिशवी. मला वाटलं, वाटेत खायला काही असेल. खुर्जी रिकामी होती.

दुकानदाराचं नाव बेक्तेमिर. नीटनेटका, तरुण, कानात काहीतरी अडकवलेलं. त्याने पहिल्यांदा उंच, भारदस्त ट्रायपॉड काढला.

"हा घ्या, एजे. वादळातसुद्धा हलणार नाही."

"मी पण हलणार नाही याला घेऊन," एजे म्हणाली. "हलका दाखव."

त्याने दुसरा काढला. बोटाने उचलता येईल असा. तिने त्यावर स्वतःचा कॅमेरा बसवला आणि दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत हळूच फिरवला. मध्येच झटका बसला.

"हा उचकी देतो. पुढचा."

तिसरा काळा, कार्बनचा. मिटला की हातभर. एजेने तो खुर्जीच्या एका पिशवीत घातला, खुर्जी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि स्वतः खुर्चीवर उलटी, घोड्यावर बसल्यासारखी बसली. दोनदा वरखाली उसळली. गिऱ्हाईकं बघायला लागली. मी कॅमेऱ्यांच्या कपाटाकडे तोंड केलं.

"बाहेर येत नाही. गुडघ्याला लागत नाही," ती म्हणाली. मग लोकरी हातमोजे चढवले.

"एजे, आत गरम होतंय का थंड?" बेक्तेमिरने विचारलं.

"खिंडीत थंड असतं. पायांना खटके आहेत की पिळायच्या कड्या?"

"खटके."

तिने हातमोज्यांसकट एकेक खटका उघडला, मिटला. मग डोकं तपासलं, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसून फिरतो तो भाग. यात तेल होतं, झटका बसू नये म्हणून. डोकं सायीवरून चमचा फिरावा तसं फिरलं.

"पण एजे, खरं सांगू का," बेक्तेमिर म्हणाला, "हा तुमच्या खांद्याच्या वर जात नाही. उंची कमी पडेल. आणि वाऱ्याला हा कागद आहे."

"वाऱ्यात मी उभी राहणार आहे का? गुडघ्यावर बसणार." ती फरशीवर बसली, ट्रायपॉडचे पाय फाकवून जमिनीला टेकवले आणि एक डोळा मिटला. "पाय कसेही चालतील. डोकं चांगलं हवं."

"जावई बघताय का?"

"जावयाचं उलटं. तिथे पाय बघतात, पळून जाणारे आहेत का."

शेवटी तिने मधल्या दांडीखाली बोट घातलं. तिथे छोटा आकडा होता. तिने तो दोनदा ओढून पाहिला आणि तोच ट्रायपॉड घेतला.

खिंडीखाली तोलोगोनबाइकेची यूर्त, नमद्याचा गोल तंबू. बाइके म्हणजे थोरला भाऊ. हा माणूस एजेच्या माहेरच्या गावचा, मोठ्या आवाजाचा. कळप उतरायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो. एजेने यूर्तीबाहेर ट्रायपॉड पूर्ण उंचीवर उभा केला, कॅमेरा काढून आत ठेवला आणि चहा प्यायला बसली. मीही.

तेवढ्यात तोलोगोनबाइके घोड्यावरून आला. दारात पाहुण्यांचे घोडे होते आणि त्यांच्याशेजारी काहीतरी सरळ उभं होतं. आमच्याकडे दारात सरळ उभं असलेलं जे असतं ते घोडा बांधायला असतं. त्याने लगाम त्याला गुंडाळला आणि हात धुवायला गेला.

घोडा गवताकडे एक पाऊल सरकला. तीन पायांची ती वस्तू त्याच्यामागे सरकली. घोड्याने मागे पाहिलं. तो जोरात सरकला, तीही जोरात सरकली. मग घोडा पळाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा ट्रायपॉड उड्या मारत त्याच्या पाठलागावर होता.

"अरे, हे काय जनावर आणलंय?" तोलोगोनबाइके ओरडला.

"बाइके, तू माझ्या ट्रायपॉडला घोडा बांधलास!"

"मग दारात खुंटा कशाला ठोकलास?"

त्याची बायको सोनुन दारातच होती. "देवा, या माणसाला उद्या माझी आई उभी दिसली तर तिलाही घोडा बांधेल."

सगळे हसले. एजेने श्वास रोखला, पण हसली नाही. घोडा पकडून आणला. ट्रायपॉडच्या एका पायाचा सगळ्यात खालचा, सगळ्यात बारीक तुकडा मोडला होता.

तोलोगोनबाइकेने टोपी काढून हातात घेतली. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलला की कसं वाटतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. "कळप उद्या सकाळी उतरतील," तो म्हणाला. "मी जाऊन थांबवू का त्यांना?"

"हजार मेंढ्यांना काय सांगशील? बाईचा पाय मोडलाय?"

एजे ट्रायपॉड मांडीवर घेऊन बसली. प्रत्येक पायात एकात एक शिरणारे चार तुकडे होते. मोडका तुकडा तिने उपसून काढला. मग दुसऱ्या दोन्ही पायांचे खालचे तुकडे आत ढकलून खटके लावले. जमिनीवर ठेवला. कमरेएवढा झाला. सरळ उभा राहिला.

"आता याला कोणी घोडा बांधणार नाही," ती म्हणाली. "फार तर बकरी."

सकाळी खिंडीत वारा होता. बेक्तेमिरचं म्हणणं खरं ठरलं. कॅमेरा चढवला तरी ट्रायपॉड थरथरत होता. एजेने आकड्याला वजन म्हणून टांगायला दगड गोळा करायला सांगितलं असतं, पण त्या कड्यावर होती ती नुसती खडी, आणि ती भरायला खुर्जी आम्ही खाली यूर्तीतच ठेवून आलो होतो. ती एकदा आकड्याकडे बघायची, एकदा वर, जिथून कळप येणार त्या कडेकडे.

मागून टापा वाजल्या. तोलोगोनबाइके. पुढ्यात कुमिसने, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाने, गच्च भरलेली चामड्याची पखाल.

"रागावू नको," तो म्हणाला. "सगळ्या उतरणाऱ्यांना पाजायला आणलंय. तुला आधी."

"इकडे आण! पिऊ नको कोणी."

तिने पखालीचा पट्टा आकड्यात अडकवला. पखाल वाऱ्यात झोके घ्यायला लागली आणि ट्रायपॉड अजूनच डुलला. मला वाटलं, संपलं. एजेने ट्रायपॉडचे पाय थोडे फाकवले. पखाल खाली आली आणि तिचं बूड जमिनीला जेमतेम टेकलं. झोके थांबले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर समोरचं शिखर गोठल्यासारखं स्थिर झालं.

पहिला याक कडेवर दिसला. पाठीवर यूर्तीचे वासे. एजे गुडघ्यावर बसली, डोळा मिटला.

कळप ओतल्यासारखा उतरला. मेंढ्या, मग घोड्या आणि शिंगरं, मग लाल शालीतली एक म्हातारी, मांडीवर पाळणा आडवा घेतलेली. एजेचा हात त्यांच्याबरोबर डावीकडे सरकत होता, इतका हळू की सरकताना दिसत नव्हता. मी श्वास घेत नव्हते.

आणि कळपाचा कुत्रा आला. मोठा, कान कापलेला. त्याला कुमिसचा वास लागला होता. तो सरळ पखालीकडे निघाला.

ओरडलं तर आवाज टिपला गेला असता. तोलोगोनबाइकेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हा अवाढव्य माणूस खडीवर पोटावर आडवा झाला, सरपटत गेला आणि त्याने कुत्र्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. कुत्रा त्याचं तोंड चाटत राहिला. नाकातोंडात जीभ जात होती. बाइके डोळे मिटून पडून होता. एजेने मान वळवली नाही.

शेवटची मेंढी वळणाआड गेली. एजेने आणखी थोडं थांबून रिकामा उतार घेतला. मग बटण दाबलं.

मग हसली. इतकी हसली की खडीवर लोळली.

"सोड त्याला, बाइके!"

"आता हाच मला सोडत नाही!"

उतरलेले लोक आमच्याभोवती जमले. एजेने कॅमेरा उतरवून घेतला. कोणीतरी आकड्यावरच्या पखालीचं तोंड सोडलं, कटोरे फिरले. "उत्तम वजन आहे," एक म्हातारा मिशा पुसत म्हणाला. "अजून चित्रं काढायची का?" ट्रायपॉड हलका होत गेला. शेवटी तो वाऱ्याने आडवा झाला तेव्हा पखालीत थेंब नव्हता, आणि सगळ्यांनी आनंदाने आरोळी ठोकली.

चित्र आम्ही तिच्या खोलीतून बिश्केकला पाठवलं. त्या बाईचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"हे किती माणसांनी केलंत?" तिने विचारलं.

"मी, एक मुलगी, एक बाइके, एक कुत्रा," एजे म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. एक डोळा मिटून. "येते," म्हणाली.

दक्षिणेला अलायच्या डोंगरांत बर्फ लवकर पडतं, तिकडचे कळप आधी गाठायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेतल्या ओश शहराच्या गाडीत खुर्जी टाकून ती गेली. मोडक्या पायासकट. दुरुस्त करून घे म्हटलं तर म्हणाली, "वाटेत करीन. तेवढ्या उंचीची सवय झालीय."

मी अजून तिच्या खोलीत येऊन बसते. संगणक तिने बंदही केलेला नाही. पडद्यावर शेवटचं लग्न अर्धं जोडलेलं आहे. वधूला निरोप देत आहेत. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर आहे, आई बाही धरून आहे, आणि पुढचा तुकडा अजून लावायचा आहे. वधूच्या घरचे परवा चित्रफितीच्या चौकशीला येऊन गेले. मला तुकडे जोडता येत नाहीत. पडद्याच्या वरच्या बाजूला शुभेच्छांच्या दोन ओळींची जागा रिकामी आहे, तीही मी अजून भरलेली नाही.