आधी कानाचा आकडा

मामा मशीनजवळ गेले की आधी डोळे मिटायचे. भट्टीच्या ब्लोअरची घरघर आणि सळयांचा खणखणाट चाललेला असायचा, शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायची मारामार. तशात मामा एक हात खांबाला टेकवून, मान किंचित डावीकडे कलती करून उभे राहायचे. मग खिशातला खडू काढून मशीनच्या गार्डवर, म्हणजे वरच्या पत्र्याच्या झाकणावर, एक आकडा लिहायचे आणि त्यानंतरच वेग मोजायचं मीटर हातात घ्यायचे. मीटरचा आकडा खडूच्या आकड्याच्या आसपास आला तरच वहीत नोंद. नाही आला, तर खडू पुसून पुन्हा पहिल्यापासून. "आधी कानाचा आकडा, मंग मीटरचा," ते म्हणायचे. "दोघंबी फसवतेत. पण दोघं एकाच टायमाला, एकसारखं फसवत न्हाईत."

जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणारी आमची मिल. मामा तिथं जुने फिटर आणि मी डिप्लोमा करून नुकताच लागलेला मेंटेनन्स सुपरवायझर. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना आरपीएम मामाच म्हणत. चाक मिनिटाला किती फेरे घेतं त्याला आरपीएम म्हणतात, आणि मामांचा सगळा जीव त्या फेऱ्यांत. गाव टेंभुर्णी. हुद्द्यानं मी वरचा, म्हणून ते मला 'सायेब' म्हणत. पण असं म्हणत की त्यात मानापेक्षा गंमतच जास्त ऐकू यावी. गेल्या हिवाळ्यात मामा गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणतोय तेव्हापासून, आणि दर वेळी माझी एक चूक आडवी येते. ती सांगितल्याशिवाय मामा सांगता येणार नाहीत.

मिलचं जुनं मीटर बिघडलं तेव्हा मी मोबाइलवर एक स्वस्तातलं डिजिटल टॅकोमीटर पसंत करून ठेवलं होतं. मामांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "फोटोतलं मीटर फोटोतल्या मशीनला बराबर. आपण दुकानात जाऊ." नवीन जालन्यात स्टेशनकडच्या एका दुकानात त्यांनी काउंटरवर पाच-सहा मीटरं मांडून घेतली. मी रुबाबात एक उचललं आणि त्याचा लाल किरण शेजारच्या टेबल फॅनवर धरला. आकडा आला एकोणचाळीसशे. मी तो मोठ्यानं वाचला. मामा दुकानदाराला म्हणाले, "शेटजी, फॅन जल्दी बंद करा, न्हाईतर दुकान उडून टेशनवर जाईल." मग माझ्याकडे वळून, "पाती किती? तीन. किरणाला तिन्ही दिसतेत, तो तिन्ही मोजतो. भागा तिनानं." तेराशे. दुकानदार हसला, मीही हसलो, पण कान तापले होते.

त्यांनी निवडलं ते दोन्ही तऱ्हांनी मोजणारं मीटर. लांबून किरणानं मोजायचं तर मशीन बंद करून चाकावर चकाकत्या पट्टीचा एक तुकडा चिकटवायचा. जवळून मोजायचं तर मीटरचं रबरी टोक चाकाच्या फिरत्या दांड्याच्या, शाफ्टच्या, मधोमध टेकवायचं. मामांनी मीटर चालू करून आधी पडद्यावर सगळे आठ उमटतात का ते पाहिलं. आठातली एखादी काडी मेलेली असली की आठाचा सहा दिसतो, आणि तो सहा मग माणूस खरा धरून चालतो. रबरी टोकं त्यांनी चार जास्तीची मागून घेतली. एवढी कशाला, असं मी विचारलं. "रबर उन्हातान्हात दगड होतं सायेब. दगड घसरतो." मी मान डोलावली. ऐकलं मात्र नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मामा नात्यातल्या एका लग्नासाठी गावी गेले असताना आमची हॉट सॉ रेंगाळायला लागली. हॉट सॉ म्हणजे लालबुंद सळया कापणारं मोठं गोल पातं. ते चालवायचा शेषराव, पात्यापासून दीड हातावर उभा राहून. मी मीटर घेऊन गेलो. पट्टी चिकटवायची तर मशीन थांबवावं लागणार, उत्पादन अडणार, म्हणून रबरी टोक शाफ्टला टेकवलं. वेग हवा होता साडेअठराशे, आकडा आला सोळाशे वीस. वेग वाढावा म्हणून मी पात्याच्या शाफ्टवर लहान पुली बसवून घेतली, पुन्हा मोजलं, आणि बरोबर साडेअठराशे आले. माझ्या हुशारीवर मी इतका खूश झालो की मॅनेजरला जाऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मामा आले. शेडच्या दारातच थांबले, डोळे मिटले, आणि धावत जाऊन त्यांनी लाल बटण दाबलं. मामांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेषरावाला लांब उभं करून त्यांनी पुलीवर पट्टी चिकटवली, पातं रिकामं फिरवलं आणि मीटर माझ्या हातात दिलं. एकवीसशे बारा. पात्यावर कोरलेली मर्यादा होती दोन हजार. माझं रबरी टोक कडक होऊन शाफ्टवर घसरत होतं आणि प्रत्येक वेळी वेग कमी दाखवत होतं. वेग मुळात बरोबरच होता, पात्याचे दातच बोथट झाले होते. दोन दिवस शेषराव मर्यादेपलीकडच्या पात्यासमोर उभा होता, आणि तिथं त्याला मी उभं केलं होतं.

"जा, सांगा त्याला," मामा म्हणाले. मी गेलो. मी मोजायला चुकलो, पातं फुटू शकलं असतं, सगळं सांगितलं. शेषरावानं एकदा पात्याकडं पाहिलं, कपाळ पुसलं आणि विचारलं, "मंग आता कधी चालू करायचं?" त्या प्रश्नानं मला जेवढं लाजवलं तेवढं कोणत्याही शिवीनं लाजवलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्याशेजारी येऊन बसले. डबा उघडला, पण घास घेतला नाही. "बाबूराव म्हणून होता एक," ते म्हणाले. "दुसऱ्या कारखान्यात. ग्राइंडरचं चाक फुटलं, डोळा गेला त्याचा. त्या चाकाचं रीडिंग मीच दिल्तं. एकदाच मोजलं, घाईत. दर सालाला जातो मी त्याच्या गावाला. तो चहा पाजतो, पोराबाळांचं विचारतो. चाकाबद्दल एक शब्द बोलत न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं." त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्यात ठेवला आणि जेवायला लागले.

पुढे काही वर्षांनी गार्डवरचा खडू आणि मीटर यांचं जमेनासं झालं. आधी पन्नासाचा फरक, मग दीडशेचा. मामा पुन्हा पुन्हा पुसून लिहायचे. आम्हाला वाटायचं, मीटर आहे ना, मग बिघडलं कुठं? मिलच्या आवाजात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा कान कधीतरी जाणारच, हे आम्हाला सुचलंही नाही. रिटायर व्हायला वर्ष उरलं असताना ते आपणहून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी तिथंच होतो.

"सायेब, माझं रीडिंग आता धरू नका. मला स्टोअरला टाका."

मॅनेजर हसले. "अहो मामा, डिजिटल मीटर आहे. त्याला कान कशाला लागतात?"

"मीटर चुकलं तर आता मला कळणार न्हाई," मामा म्हणाले. "आजवर कळत व्हतं."

त्यांना कुणी पकडलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. गप्प राहिले असते तर ते वर्ष मानानं निघून गेलं असतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी हॉट सॉला नवं पातं बसलं. मोजायचं मी. मामा स्टोअरमधून येऊन बाजूला उभे राहिले. पातं रिकामं फिरत असताना मी डोळे मिटले, ऐकलं, गार्डवर अठराशे साठ लिहिलं. पट्टीवर किरण धरला, अठराशे सेहेचाळीस. दुसऱ्यांदा मोजलं, तेच. वही मामांपुढं धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते शेषरावाजवळ गेले, त्याचा खांदा धरून त्याला हळूच बाजूला केलं, आणि पात्यापासून दीड हातावर स्वतः उभे राहिले. मग हात वर करून मला खूण केली, होऊ दे कापणी चालू.

सळई पुढं सोडायची खूण मी द्यायची होती. माझा हात उठेना. मी ओरडलो, "मामा, थांबा जरा." त्यांना ते ऐकू गेलं नसावं. ते तसेच शांत उभे राहिले, आणि मी मीटर उचलून तिसऱ्यांदा मोजलं.