रेकॉर्ड प्लेअरच्या टाचा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दुखऱ्या पायांसाठी चपला-बूट करतात. माणूस दारातून आत कसा येतो एवढं पाहून त्याची कोणती टाच दुखते ते सांगतात. जड माणसाला कडक तळ, हलक्याला मऊ; उलट केलं तर गिऱ्हाईक बोंबलत परत येतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा सिद्धांत.

खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जमीन. त्या जमिनीवर मेज आणि मेजावर त्यांच्या वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर. घरात कोणी जोरात चाललं की जमीन थरथरते, मग मेज, मग सुई, आणि गाणारा बिचारा पहिल्या शब्दावरून थेट चौथ्यावर पडतो.

हे भाऊजींच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, कानावर गेलं. त्यांचा फोन आला.

"बाबांचं यंत्र आहे ते, बेडूक नव्हे! रविवारी येते. त्यांची आवडती बाजू न अडखळता वाजली तर ठेव. अडखळली तर माझ्या गाडीत."

भाऊजींचा चेहरा पडला. रोज दुकान बंद केल्यावर ती बाजू ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण दहाच मिनिटांत त्यांना हुरूप आला.

"मेहुणे, पेशंट आहे हा! पायांना हादरे बसतायत. टाचा करू."

त्यांनी प्लेअर वजनकाट्यावर ठेवला, त्या मानाने रबर आणि बूच कापून थर चिकटवले आणि चार टाचा यंत्राखाली सरकवल्या. यंत्र तिरकं! पाहतो तर दोन डाव्या, दोन उजव्या, आतल्या बाजूला व्यवस्थित उंचवटा.

"अहो," ताई म्हणाली, "तो कुठे फिरायला जाणार आहे का?"

"हाताची सवय गं!" म्हणत भाऊजींनी चार गोल टाचा कापल्या. मग दार आपटलं, वॉशिंग मशीन लावलं, मी जिन्यावरून धावत आलो, सुई ढिम्म. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. आणि दुसऱ्या कडव्यात सुईने उडी मारली.

रेकॉर्डवर ओरखडा नव्हता. मला नोंदी ठेवायची सवय, म्हणून वही काढली : वॉशिंग मशीन चालू की बंद, कोण कुठे, उडी कितव्या कडव्यात. शनिवारपर्यंत बाजू आठ वेळा वाजवली. सात उड्या, साती दुसऱ्या कडव्यात.

रविवारी अक्का आल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. "लावा."

पहिलं कडवं निर्विघ्न गेलं. भाऊजींनी डोळे मिटले. मी वही चाळत होतो. उडी न पडलेली ती एकच वेळ. तिच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'भाऊजी खाली, गिऱ्हाईक आलंय.'

मी मान वर केली. दुसरं कडवं येत होतं, ठेका बदलत होता, आणि भाऊजींच्या उजव्या पायाची टाच हळूच वर उठत होती. त्यांची खुर्ची आणि मेज एकाच फळीवर! एखादा धक्का यंत्राखालच्या टाचा गिळत होत्या, पण ठेक्यात बसणारे धक्के झोका चढावा तसे चढत होते.

बोलायला वेळ नव्हता. मी अलगद खाली सरकलो आणि दोन्ही हातांनी भाऊजींचे पाय धरले. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे. अक्कांचीही टाच वर! ताईने गुडघ्यांवर बसून त्यांचे पाय घट्ट पकडले.

"अगं! हे काय?" अक्का गहिवरल्या. "पाय काय धरता? मी एवढी दुष्ट आहे का? राहू दे यंत्र, राहू दे!"

भाऊजींनी डोळे उघडले. "अहो मेहुणे, माझे कशाला धरता? यंत्र ती नेणार होती!"

"टाच खाली ठेवा," मी पुटपुटलो, "दोघंही."

ताईला हसू आवरेना. वन्संच्या पायांवर डोकं टेकून ती गदगदत होती. अक्कांना वाटलं रडतेय, म्हणून त्या तिला थोपटत राहिल्या. बाजू शेवटपर्यंत वाजली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी गाणं ऐकताना घालायला जाड, मऊ तळाच्या सपातांचे दोन जोड केले. एक स्वतःला, एक अक्कांना. या खेपेला डावं-उजवं अगदी बरोबर आलं.