उजव्या बाजूचं पायदान

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि रविवारी घरी पाना-पक्कड घेऊन बसतो. दोन्हीकडे आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज आहे. बायको त्या समजाच्या वाटेला फारशी जात नाही. मोटारसायकलला काही बसवायचं असलं की मी गॅरेजची पायरी चढत नाही. लेगगार्ड, मोबाइलचा होल्डर, पुढची काच, सगळं नांदेडच्या आमच्या घराच्या ओट्यापाशी बनियनवर बसून मीच लावलंय. शेवटी एखादा नट उरलाच, तर कंपनीने जास्तीचा दिला होता म्हणून सांगतो आणि खिशात टाकतो.

ही गाडी लातूरला घेतलेली. माझी पहिली नोकरी तिथली. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, म्हणून ओळखीच्या एका घरच्या बोअरवरून रोज पाणी आणावं लागे. बायको मागे एका बाजूला बसायची. मांडीवर पाण्याचा कॅन, त्यावर डावा हात आणि उजवा हात माझ्या खांद्यावर. त्या उजव्या हातावरच आमची गाडी चालायची. दोनदा दाबला की हळू. मी हळू केली नाही, तर तिसऱ्यांदा चिमटा. जोरात घ्या, अशी खूण आमच्यात नव्हतीच. तिला ती कधी लागलीच नाही.

पुढे नांदेडला बदली झाली, कॅन सुटला, पण हात खांद्यावरच राहिला. मग मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, ती काठी घेऊन घरात फिरू लागली. बोलणं आलं, त्याच्यासोबत रागही आला, तेव्हा मला हायसं वाटलं. हात मात्र आला नाही. खांद्यापासून लोंबतो, बोटं जराशी हलतात.

तिची धाकटी बहीण अर्धापूरला दिली आहे. केळीचा बाग आहे त्यांचा आणि बागेच्या कडेलाच घर. आधी महिन्यातून एकदा तरी आमची तिथे चक्कर व्हायची. आजारपणानंतर बहीणच चार वेळा येऊन गेली, आम्ही एकदाही गेलो नाही. ऑटो सांगतो म्हटलं की बायको भिंतीकडे तोंड करायची.

एकदा मी चिडलोच. म्हटलं, "अगं, दवाखान्याला ऑटोनं जातीस ना? मग बहिणीकडं जायला काय होतंय?"

"दवाखान्याला सामान म्हणून जाते," ती म्हणाली. "दोघांनी धरायचं, आत सारायचं, पाय उचलून ठेवायचा. बहिणीच्या दारात तसं उतरायचं न्हाई मला. जाईन तर तुमच्या मागं बसून जाईन. न्हाईतर राहू द्या."

मला त्या दिवशी तिचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. वर्षभर मी तिला उचललं, बसवलं, भरवलं, आणि मनातल्या मनात स्वतःलाच शाबासकी देत राहिलो. तिला कसं वाटत असेल, हे विचारलं नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाठीला टेका असला आणि चांगल्या हातानं घट्ट धरता आलं, तर थोडं अंतर जाता येईल. पण सर, सावकाश." मला एवढंच हवं होतं. सोमवारपासून मी बाजारात सामान शोधू लागलो. सीटच्या मागे लावायचा गादीचा टेका मिळाला. पायाखालच्या छोट्या दांडीच्या जागी लावायला दोन्ही पाय मावतील असं रुंद पायदान मिळालं. घसरणारा पाय अडवायला पट्टा घेतला. तिला काही सांगितलं नाही. अचानक दाखवायचं होतं ना!

रविवारी सकाळी कामाला बसलो. जुन्या दांडीचा नट गंजून गच्च झाला होता, त्याला रॉकेल पाजलं. पायदान बसलं, टेका बसला, पट्टा शिवून घेतला. जाऊन-येऊन चार तास गेले, गुडघे सोलवटले, पण एकही नट उरला नाही. फडक्याने सगळं पुसलं आणि तिला हाक मारली.

ती काठी टेकत ओट्यावर आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा उजळला तिचा, हे मी खोटं सांगत नाही. मी गाडी ओट्याला लावली, हँडल धरून सीटवर बसलो आणि म्हटलं, "बस. बघ कसं झालंय."

मागे काहीच हालचाल होईना. वळून पाहिलं. ती सीटला पाठ टेकून उभी होती आणि डावा हात पोटावरून आडवा करून माझ्या खांद्यापर्यंत पोचवायला बघत होती. तो पोचत नव्हता. आणि माझ्या पाठीला लागून जो हात होता, तो नुसता लोंबत होता.

"हे कुणासाठी बसवलंत?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठीच की."

"मग माझा हात ह्या बाजूला न्हाई ना आता."

आवाज अगदी साधा होता तिचा. रागावली असती तर बरं झालं असतं. वीस वर्षं ती डाव्या बाजूला बसली, म्हणून मी सगळं डावीकडे बसवलं. मुलांना फळ्यावर तरफ शिकवणारा मास्तर मी, बायकोचा कुठला हात चालतो तेवढं विसरलो. चांगल्या हाताने धरायचं, असं व्यायामाच्या बाई बोलून गेल्या होत्या, ते कानात शिरलं होतं पण डोक्यात नाही. मी ज्या बाईसाठी पायदान लावलं, ती आता घरात नव्हती. जी होती तिला मी नीट बघितलंच नव्हतं. ओट्यावर बसून मी रडलो, आणि तीच मला म्हणाली, "उठा, ऊन झालंय."

दुसऱ्या दिवशी दुकानात उजव्या बाजूचं पायदान मागितलं, तर दुकानदार हसला. बायका डावीकडे बसतात, म्हणून सगळं डावीकडचंच बनतं. उजवीकडे सायलेन्सर, किक आणि मागच्या ब्रेकचा दांडा. शेवटी वेल्डिंगवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "सर, असलं कोण बनवतंय? सायलेन्सरनं पाय भाजंल की बाईचा." मी कारण सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "पुठ्ठ्यावर माप कापून आणा. नुसत्या अंदाजावर नको."

या वेळी मी तिला सोबत घेऊन बसलो. ती ओट्यावर खुर्चीत, मी खाली फरशीवर. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा तिने डाव्या हाताने गाडीला लावून धरायचा आणि मी पेन्सिलीने रेघ मारायची. "थोडं खाली घ्या. पाय सरळ केला की टाच कुठं येती बघा." तिने चार वेळा पुठ्ठा बदलायला लावला. ब्रेकचा दांडा मोकळा राहिला पाहिजे हे माझ्या आधी तिच्या ध्यानात आलं.

मिस्त्रीने पायदान दिलं, त्याला बाहेरून बोटभर कड आणि सायलेन्सरवर झाकायला जाळीचा पत्रा. घरी आणून बसवायला घेतलं. व्यायामाच्या बाई तिला कपड्यांचे चिमटे उघडायला सांगायच्या आणि ती टाळायची. त्या दिवशी मात्र तिने उजव्या हाताची बोटं पुढे केली आणि म्हणाली, "एक नट मला द्या." बोल्टवर तो नट फिरवायला तिला अर्धा तास लागला. दोनदा निसटून नालीत गेला, दोनदा मी काढून धुऊन दिला. शेवटी चढला. मी त्याच्याकडे नुसता बघत बसलो, तर म्हणते, "पाना लावून घट्ट करा त्यालाबी. कौतुकानं नट बसत नसतो."

सायलेन्सर तापवून पत्र्याला हात लावून पाहिला. ज्वारीचं पोतं उजवीकडे झुकवून बांधलं आणि कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या. शेजारच्या काकू फाटकात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या बायकोला म्हणाल्या, "उलट्या बाजूनं कसलं आलंय? सत्यनारायणाला बसतीस तेव्हा उजवीकडंच बसतीस की नवऱ्याच्या."

लातूरला क्लासला असलेली मुलगी फोनवर ओरडली. उजवीकडे बसायचं म्हणजे पाय रस्त्याच्या मधल्या बाजूला येतात. तिचं बरोबरच होतं. मलाही निघायच्या आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. पण आईने फोन घेतला आणि म्हणाली, "बाळा, घरात बसूनच तर झटका आला होता."

रविवारी उजाडताच अर्धापूरला निघालो. गाडी उलटी फिरवून तिची उजवी बाजू ओट्याला लावली. मी आधी बसून दोन्ही पाय रोवले. ती ओट्यावरून अलगद मागे टेकली. मी वाकून तिचा उजवा पाय कडेच्या आत घ्यायला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या, ठेवते मी." आणि ठेवला. उजवा हात पदरात गुंडाळून मांडीवर घेतला. मग माझ्या डाव्या खांद्यावर तिचा डावा हात आला. त्या खांद्याला त्या हाताची सवय नव्हती. मला एकदम परक्यासारखं झालं.

रस्ता मोकळा होता. मी गाडी अशी चालवत होतो की खालचा खडान् खडा मोजावा. दुधाच्या कॅनवाली सायकल आम्हाला मागे टाकून गेली. मग एक उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या ड्रायव्हरने वळून वळून पाहिलं. माझं सगळं लक्ष डाव्या खांद्यावर. आता दोनदा दाबेल, मग थांबू, उतरवू, पाणी देऊ, असं मनात ठरवून ठेवलं होतं.

केळीचे बाग दिसू लागले तशी तिने बोटाच्या मागच्या हाडाने माझ्या खांद्यावर टकटक केली. दार वाजवतात तशी. ही खूण मला माहीत नव्हती. घाबरून मी ब्रेकवर पाय ठेवला.

"काय झालं? त्रास होतोय का?"

"कसला त्रास," मागून आवाज आला. "जरा पळवा की. अशा चालीनं बहीण जेवून झोपंल."

वीस वर्षांत तिने पहिल्यांदा मला गाडी जोरात घ्यायला सांगितलं होतं. मी घेतली.